बाबांच्या हातातलं ताट

कांतेल,
शुक्रवार, २७ जून १९९७

प्रिय एल्विया आत्या,

प्रभूच्या नावानं सलाम. तुमच्या गुडघ्याला आता आराम असेल आणि पेतेनच्या उकाड्यात काकांची तब्येतही बरी असेल, अशी आशा करते. आम्ही सगळे ठीक आहोत.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की पाळक ओतोनिएल यांनी लहान मुलांच्या वर्गाचा मान माझ्याकडून काढून नोएमीला दिला. काढून घेतला, हे खरं. नोएमीला दिला, हे खरं नाही. त्यांनी तिला विचारलं आणि तिनं नकार दिला. वर्ग सध्या कुणाकडेच नाही. मुलं आयांच्या मांडीवर बसतात, थोड्या वेळानं कंटाळून बाकांखालून रांगत फिरतात, आणि उपदेश संपेपर्यंत कुणाकुणाच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या असतात. मी ऐकीव गोष्ट खरी म्हणून कळवली, आणि तीही रागाच्या भरात. नोएमीबद्दल मी आणखी जे दोन-तीन शब्द वापरले होते, तेवढे कृपा करून खोडून टाका.

बाकी मका गुडघ्याएवढा आला आहे. केइला सासरी सुखात आहे. आपल्या गिरणीचा पट्टा या महिन्यात पुन्हा तुटला. तुम्ही पाठवलेली लोकर आईला मिळाली. लोकरीबद्दल पुढे लिहिते.

गिरणीचं सांगते, कारण माझा दिवस तिथेच जातो. तुम्हाला आठवत असेल, मोटार चालू झाली की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून मक्याची घमेली घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या बायका ओरडून बोलतात. परवा पट्टा मध्येच निसटला, मोटार बंद पडली, आणि चोनाबहिणीचा आवाज तेवढा हवेत राहिला, "...चौथा महिना तरी असेल!"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. चोनाबहिणीनं घमेल्यातला मका उगाच सारखा केला आणि म्हणाली, "माझ्या गाईचं सांगत होते."

"तुमच्याकडे गाय कधी आली?" आईनं विचारलं.

"यायची आहे."

"यायच्या आधीच गाभण?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण चोनाबहीण हार मानणारी नाही. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "लोइदा, हिरवा आंबा पाठवू का गं, तिखटमीठ लावून?"

"पाठवा," आई म्हणाली. "गाईसाठीही ठेवा थोडा."

आत्या, मला चौथा महिना नाही. पहिलाही नाही. कुणी मुलगाही नाही. हे वाक्य लिहावं लागतंय याचाच मला इतका राग येतोय की पेन कागदात रुततंय. आईनं या महिन्यात माझे कपडे धुवायला स्वतःकडे घेतले. पाच-सहा दिवसांनी परत माझे मला धुवायला दिले. म्हणजे तिची खात्री झाली. पण तिची खात्री ती गिरणीत कशी सांगणार?

झालं ते एवढंच. जूनच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट माझ्यापुढे आलं आणि मी घेतलं नाही. ताट बाबांच्या हातात होतं. मंडळीचे सेवक म्हणून ते नेहमीसारखे बाकांच्या ओळीतून येत होते. त्यांना वाटलं माझं लक्ष नाही. त्यांनी ताट तसंच धरून ठेवलं आणि खाकरले. मी मान हलवली. ते पुढे गेले. आणि आमच्या मंडळीत कुणाही लग्न न झालेल्या मुलीनं ताट जाऊ दिलं, की त्याचा एकच अर्थ लावतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात ते आलंच नाही. माझ्या डोक्यात तुम्ही होता.

अयोग्य रीतीनं भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे वचन तुम्ही आम्हा दोघी बहिणींना, मला आणि केइलाला, चुलीपाशी बसवून शिकवलंत. वर अल्मोलोंगा गावच्या त्या माणसाची गोष्ट सांगायचात, मनात पाप ठेवून भाकर खाल्ली आणि वर्षाच्या आत गेला. मी अजून शाळेत जायची होते. वाचायलाही मी तुमच्याच मांडीवर शिकले, ते उपकार मी विसरलेले नाही. पण ती गोष्टही विसरले नाही.

माझ्या मनात काय होतं, ते आता सांगते. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? सगळे तेच म्हणतात.

दहा मेला चर्चमध्ये आयांच्या दिवसाचा कार्यक्रम होता. माझ्या वर्गानं एक अख्खं स्तोत्र पाठ म्हणायचं होतं. त्यातली अगदी चिमुकली तेवढी कार्यक्रमापुरती नोएमीकडे होती, त्यांनी मेंढरांचं नाटक करायचं होतं. नोएमी म्हणजे राजधानीच्या बायबल शाळेतून आलेली मुलगी, पाळकांच्या घरी राहते. तिला गिटार येतं. तिला आमचे रस्ते येत नाहीत, घमेलं डोक्यावर घेता येत नाही, पण मुलं तिच्या अंगावर चढतात आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही. मी माझ्या मुलांकडून रोज संध्याकाळी स्तोत्र म्हणवून घेतलं. एकाही शब्दाला कुणी अडखळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक आई मला म्हणाली, "छान हो, अगदी शिपायांसारखी उभी राहिली." देशातलं युद्ध संपून सहा महिनेही झाले नाहीत, आत्या, आणि माझी मुलं शिपायांसारखी दिसली.

मग मेंढरं आली. एकानं लोकर काढून फेकली. एक मेंढरू भ्यायलं आणि त्याची चड्डी ओली झाली. नोएमी त्याला घेऊन बाहेर धावली. पुढे उभी राहिली एकटी सराई, चार वर्षांची, शेवटचं वाक्य तिचं. ती ते विसरली. तिनं पडद्याच्या कडेला पाहिलं. तिथे मी उभी होते. मला ते वाक्य पाठ होतं. सराव भिंतीपलीकडेच चालायचा. सराई माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी तोंड मिटून उभी राहिले.

शेवटी ती म्हणाली, "आई, मला घ्यायला ये ना."

तिची आई उठून धावली. सगळं चर्च हसलं, मग रडलं. आजही बायका त्या मेंढरांचंच बोलतात. स्तोत्राचं कुणी बोलत नाही. म्हणजे मी ते पडावं म्हणून गप्प राहिले, ते पडलं, आणि पडल्यामुळेच सगळ्यांना आवडलं. मला कशाची लाज जास्त वाटली ते अजून नीट कळत नाही. चार वर्षांच्या पोरीला तोंडघशी पडू दिलं याची, की त्यानंही माझा फायदा झाला नाही याची. हे मनात घेऊन मी ती भाकर खाऊ शकले नाही. बस.

हे सगळं मी पाळकांना सांगितलं. त्यांच्या घरी, समोर बसून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग कपाळावर हात मारला.

"हेवा?"

"हो."

"लोइदा, हेव्यापायी कुणी प्रभुभोजन सोडतं का? तसं असतं तर सगळी मंडळी उपाशी राहिली असती. माझ्यासकट." ते हसले. मग गंभीर झाले. "आता खरं सांग. नाव नको सांगूस हवं तर."

"हेच खरं आहे."

"हे कुणाला पटायचं नाही."

"खरं असलं तरी?"

"बाळ, लोकांनी तुला ताट सोडताना पाहिलंय. मी डोळेझाक केली तर उद्या म्हणतील, सेवकाच्या मुलीला वेगळा न्याय. तुझ्या बाबांचाही विचार कर."

आणि त्यांनी मला शिस्तीत बसवलं. वर्ग काढला, भाकर बंद केली, शेवटचा बाक दिला. ते वाईट माणूस नाहीत. चर्चचं छत अजून अर्धंच बांधून झालंय, त्याची त्यांना काळजी असते. पण एवढं खरं बोलून खोटं ठरण्यापेक्षा मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं घरी येईपर्यंत वाटत होतं. नाही, हे मी नीट लिहिलं नाही. अजूनही वाटतं.

आता लोकरीचं.

आत्या, तुमच्या पत्रात माझ्यासाठी एकच ओळ होती. "मुलगा कोण आहे आणि लग्नाला तयार आहे का, तेवढं कळवावं." आणि सोबत पांढरी लोकर, बाळाच्या टोपड्यासाठी. चोनाबहिणीनं काही म्हटलं तर मला राग येतो, तेवढाच. पण तुम्ही मला मांडीवर घेऊन वाढवलंत. माझं कुठलंही वचन चुकत नाही, हे तुम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरायचात. मी कशी आहे ते तुम्हाला माहीत नसेल तर कुणाला असेल? तुम्ही मला विचारलं नाहीत. तुम्ही थेट लोकर पाठवलीत. मऊ आहे, महागाची असणार. मी ती फेकून देणार होते. आईनं कपाटात ठेवली.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. मागच्या पत्रातही लिहिलं नाही, म्हणून मग सगळा राग नोएमीवर निघाला.

आणखी एक लिहूनच टाकते. शनिवारी चुलीपाशी वचन न चुकता म्हणणारीला तव्यावरची पहिली तोर्तिया मिळायची. ती नेहमी मलाच मिळाली. केइला रडायची. भूक दोघींना सारखीच होती, आणि टोपलीत तोर्तिया सगळ्यांना पुरून उरायच्या. मग पहिली आणि दुसरी असं का होतं? तुम्ही चांगल्या हेतूनं केलंत, मला माहीत आहे. केइलाला आज एकही वचन पाठ नाही आणि तिला प्रभुभोजनाची भीती वाटत नाही. मला सगळी पाठ आहेत.

शेवटच्या बाकावर मी एकटी नाही. म्हातारे चेपे आहेत, मारिंबा वाजवणारे. गावच्या जत्रेत मारिंबा वाजवला म्हणून त्यांना शिस्तीत बसवलं, त्याला किती वर्षं झाली ते त्यांनाही सांगता येत नाही. पहिल्या रविवारी मी जाऊन बसले, तर त्यांनी माझ्याकडे बघून जागा करून दिली.

"उशी आणत जा. बाक कडक आहे."

त्यांनी खिशातून गोळी काढून दिली. गाणी सुरू झाली तसे ते सगळ्यांत मोठ्यानं गायला लागले. मला शरम वाटली, लोक वळून बघतील म्हणून. कुणी वळलं नाही. सवय असावी.

"चेपेआजोबा, तुम्ही पुढे जाऊन क्षमा का नाही मागत?" मी उपासना संपल्यावर विचारलं.

"मागितली की. देवाकडे. पाळकांना मात्र मारिंबा विकायला हवाय. देव तसं काही म्हणाला नाही अजून."

"भाकर मिळत नाही, मग येता कशाला?"

"म्हणजे? कुठे जाऊ? आई-बाप इथलेच, मीही इथलाच." ते चिडलेच थोडे. "तू कशाला आलीस?"

मी आले होते ते मी खचले नाही हे लोकांना दाखवायला. एवढंच.

पण मागे बसल्यावर एक झालं. पुढे असताना मी गाण्याच्या वेळी कोण किती मनापासून गातंय ते बघायची, प्रार्थनेत कुणाचा आवाज किती लांबतोय ते ऐकायची. मागून नुसती डोकी दिसतात. मी त्यांच्यातही तुलना करून पाहिली, खोटं कशाला बोलू, चोनाबहिणीचा अंबाडा सगळ्यांत वाईट आहे. पण फार वेळ जमत नाही. आणि बाकांखालून रांगत पोरं शेवटी मागेच येतात. गेल्या रविवारी सराई आली. माझ्या मांडीवर चढली, चेपेआजोबांची गोळी तोंडात टाकली आणि झोपून गेली. तिच्या मनात माझ्याबद्दल काहीही नव्हतं. माझ्याकडे तेव्हा कुठला मान नव्हता, तिला शिकवायला काही नव्हतं, माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला होता, आणि मला वाटलं की वर्षभरात पहिल्यांदाच मी या मुलीचं काहीतरी केलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की त्याचीही उपासनेत उभं राहून द्यायची साक्ष होईल, मग ती दुसऱ्या कुणाच्या साक्षीपेक्षा चांगली की वाईट, ते आलंच.

मंगळवारी नोएमी गिरणीत आली. घमेलं कमरेवर असं धरलं होतं की अर्धा मका वाटेवर सांडला असणार. बायका गेल्या होत्या.

"तू मला नावं ठेवलीस म्हणे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अंदाजानं आले. बरोबर निघाला."

मी विचारलं, वर्ग का घेतला नाहीस. ती म्हणाली, "तू असताना पोरं गप्प बसायची. माझ्या डोक्यावर चढतील आणि सगळे म्हणतील, लोइदाच्या वेळी असं नव्हतं बाई. मला नको ते."

मग मी तिला सराईचं सांगितलं. पडद्याच्या कडेचं. रडत सांगितलं. ती घमेलं खाली ठेवून ऐकत होती.

"म्हणजे तू माझा हेवा केलास?"

"हो."

"माझा?"

"हो म्हटलं ना!"

"परत सांग."

"नोएमी, मी तुझी क्षमा मागतेय!"

"केली गं, केली. आता परत सांग ना. इथे येऊन वर्ष झालं, माझा कुणी हेवा केला नव्हता. पाळकीणबाई तर माझ्या भाताचीसुद्धा कीव करतात."

आत्या, मला इतका संताप आला! जे मी महिनाभर उराशी धरून बसले, ज्यापायी माझा वर्ग गेला, नाव गेलं, ते तिनं मक्याचं घमेलं उचलता उचलता माफ करून टाकलं. विचार केला नाही, वजन केलं नाही. ती गेल्यावर मी मोटारीपाशी बसून राहिले. मला वाटत होतं, एवढंच? मग मी कशासाठी एवढं सोसलं? मला माफी हवी होती की माझं पाप मोठं आहे हे कुणीतरी मान्य करायला हवं होतं, तेच कळेना.

काल पाळक घरी आले. त्यांनी मार्ग काढला आहे. जुलैच्या पहिल्या रविवारी, भोजनाआधी मी पुढे जायचं, "मी चुकले, क्षमा करा" एवढंच म्हणायचं. तपशील कुणी विचारणार नाही. त्याच दिवशी वर्ग परत.

ते गेल्यावर आई म्हणाली, "चार शब्द आहेत गं. बोलून टाक."

"त्या चार शब्दांचा लोक काय अर्थ घेतील?"

"तो ते घेऊनच बसलेत. निदान वर्ग तरी मिळेल."

बाबा तिथेच होते. ते उठले आणि पट्ट्याला वंगण लावायला गेले. ते माझ्याशी बोलतात, आत्या, पण फक्त गिरणीबद्दल.

आधी मी ठरवलं, पुढे जायचं आणि चार शब्द नव्हे, सगळं सांगायचं. हेवा, सराई, सगळं. मी आरशासमोर उभं राहून म्हणूनही पाहिलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. गेल्या वर्षी एल्मेरबंधू पुढे जाऊन क्षमा मागताना एवढे रडले की सगळी मंडळी रडली. त्यांच्याइतकं न रडता त्यांच्यापेक्षा जास्त परिणाम कसा होईल, हे मी बघत होते. मग आरशात माझं मलाच तोंड दिसलं. तिसऱ्यांदा म्हणत होते आणि डोळे कोरडे होते. म्हणजे हेसुद्धा मी स्तोत्रासारखंच पाठ करून घेत होते, आता स्वतःकडून. पश्चात्तापातही मला पहिलं यायचं होतं.

तेव्हा मी पुढे जाणार नाही. ना चार शब्द बोलायला, ना सगळं सांगायला. पाळकांना उद्या तसं कळवते. वर्ग परत मिळणार नाही, हे मला माहीत आहे. त्याचं दुःख मला खूप आहे, त्यात मी मोठेपणा दाखवत नाही. आई चिडेल. चोनाबहिणीला पाचवा महिना मोजता येईल.

पण मी भोजन घेणार आहे. पाळक हसत म्हणाले होते ना, हेव्यापायी सोडायचं तर सगळी मंडळी उपाशी राहील. ते त्यांनी मला उडवून लावण्यासाठी म्हटलं, आणि मला ते वाक्य सोडत नाही. म्हणजे ते सगळे मनात काय काय घेऊन खातात. म्हणजे भाकर त्यांच्यासाठीच आहे. मी स्वतःला तपासत बसले, महिनाभर तपासलं, लायकी काही सापडली नाही. पुढच्या महिन्यातही सापडायची नाही. हे मला पूर्वी भीतीचं वाटायचं. आता नुसता कंटाळा आलाय, आत्या, आणि त्या कंटाळ्याच्या तळाशी थोडं हलकं वाटतं. ते काय आहे, त्याला अजून नाव देत नाही.

शिस्तीतल्यांना ताट दाखवत नाहीत. बाबा शेवटच्या बाकाच्या आधी वळतात, तसा नियम आहे. ते वळायच्या आत मी हात पुढे करीन. उठून नाही, काही न बोलता, बसल्या जागेवरून. ताट त्यांच्या हातात असेल. ते थांबतील की वळतील, मला खरंच माहीत नाही. त्यांनी मला ओलांडलं तर त्यांच्यावर राग धरायचा नाही, एवढं ठरवलंय, पण तेही जमेल असं वाटत नाही.

एक विनंती. बाबांना यातलं काही कळवू नका. तुम्ही त्यांच्या थोरल्या, तुमचं ते ऐकतील. मग त्यांचा हात तुमच्या सांगण्यावरून थांबेल किंवा वळेल. मला तो त्यांचा स्वतःचा हवा आहे.

लोकरीसाठी आभार. खरंच. पण आता पुन्हा लिहाल तेव्हा मला विचारा.

तुमच्यावर रागावलेली, आणि तुमच्याशिवाय कुणाला लिहू न शकणारी
तुमची भाची,
लोइदा

ता. क. दिवस लिहायचा राहिला. रविवार, ६ जुलै, सकाळची उपासना.